एक खुंटी सोडून

विजापूरला जायचं तर गोल घुमटात सकाळी सहाला शिरा, असं तिथला प्रत्येक रिक्षावाला सांगतो. आठनंतर सहली येतात. तुम्ही ऐकत नाही. इडली खाऊन, दुसरा चहा घेऊन नऊला पोहोचता आणि कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या जिन्यात सोलापूरकडच्या एका शाळेच्या पोरांमध्ये अडकता. मनोरा अठपैलू, सात मजल्यांचा. जिना एवढा अरुंद की उतरणाऱ्यासाठी तुम्हाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. गच्चीवर येऊन श्वास घेता आणि ठेंगण्या दारातून वाकून सज्जात पाऊल टाकता. सज्जा अकरा-बारा फूट रुंद, घुमटाच्या आतून गोल फिरणारा. खाली, सात मजल्यांच्या खोलीत, मुंगीएवढी माणसं.

पोरांनी कुजबुजून बघायचं असतं. पोरं कुजबुजत नाहीत. एकजण बेंबीच्या देठापासून ओरडतो, "छत्रपती शिवाजी महाराज की", बाकीचे "जय!" म्हणतात, आणि आदिलशहाच्या थडग्यावरचा घुमट तो जयजयकार निमूटपणे सात वेळा म्हणून दाखवतो. पहारेकरी शिट्टी फुंकतो. घुमट तीही सात वेळा फुंकतो.

तुम्ही डोळे मिटून मोजू लागता. एक. दोन. तिसऱ्याला पोरांचा आवाज ओळखू येतो, चौथ्याला नुसता गलका उरतो. पाचव्याला वाटतं, हा माणसाचा आवाज नाही. सहाव्याला लोखंडावर लोखंड. सातव्याला स्पष्ट ऐकू येतं: छिन्नी.

डोळे उघडता तेव्हा पहारेकरी नाही, पोरं नाहीत. नाकात ओल्या चुन्याचा उग्र वास आहे. वर बांबूची परांची बांधलेली, तिच्यावर माणसं, हातात थापी. खाली कुठेतरी बैल चुन्याची घाणी ओढताहेत. तिच्या दगडी चाकाची घरघर घुमटात येऊन सात घाण्यांची होते. साल 1656, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. मराठी माणसाला या सालाची खूण पटकन सांगायची तर, जानेवारीत महाराजांनी जावळी घेतलेली आहे. इथे, या सज्जात, त्याबद्दल कुणी बोलत नाही. इथे गिलाव्याबद्दल बोलतात.

आपल्याकडे विजापूर म्हणजे एक दरबार. त्यात एक विडा ठेवलेला असतो आणि तो एक खान उचलतो. पुढची गोष्ट प्रतापगडाकडे जाते, दरबार मागे राहतो आणि विजापूर संपतं. त्या दरबाराच्या डोक्यावर छप्पर कसलं होतं, हा प्रश्न शाळेत कुणाला पडल्याचं मला आठवत नाही. मलाही पडला नव्हता.

"पाव्हणं, वर काय बघताय?" मागून आवाज येतो. डोक्याला फडकं गुंडाळलेला, भुवयांवर चुन्याची पांढरी धूळ बसलेला मुकादम. त्याच्या बोलण्यात मराठी, कानडी आणि दख्खनी अशा मिसळल्यात की कुठली कुठे संपते ते कळत नाही. "घुमट काय, समदेच बघतात. कोपरा बघा."

तुम्ही कठड्याला धरून खाली वाकता.

आणि मग दिसतं. खालचा दिवाणखाना चौकोनी आहे, एकेक बाजू सुमारे 135 फूट. वरचा घुमट गोल, आतून 124 फूट व्यासाचा. चौकोनावर गोल ठेवला तर चार कोपरे उघडे पडतात. त्या कोपऱ्यांचं काय करायचं, हा घुमट बांधणाऱ्या प्रत्येकाचा जुना आजार. कुणी कोपऱ्यात आडवी शिळा टाकली, कुणी छोटी कमान बसवली, कुणी तिकोनी पाकळ्यांसारखे भाग वळवून घेतले. इस्तंबूल, इस्फहान, दिल्ली, प्रत्येकानं आपापलं औषध काढलं. विजापूरकरांचं औषध तुमच्या पायांखाली आहे. प्रत्येक भिंतीवर दोन, असे आठ पाय. प्रत्येक पायावरून एक कमान उठते, शेजारचा पाय सोडते आणि त्याच्या पुढच्या पायावर जाऊन उतरते. आठ कमानी अशा एकमेकींना छेदत जातात आणि मधोमध जी जागा उरते ती जवळजवळ गोल असते, 97 फुटांची. ती गोलाई जमिनीपासून सत्तावन्न फुटांवर आकार घेऊ लागते. खालून बघणाऱ्याला भिंत कधी आत वाकली ते कळतसुद्धा नाही.

"पण घुमट तर 124 फुटांचा," तुम्ही म्हणता. "भोक 97 फुटांचं. घुमट मागे सरकवलात?"

मुकादम पहिल्यांदाच तुमच्याकडे नीट बघतो. "मागं सरकवला म्हणून तर तुम्ही उभे आहात," तो म्हणतो आणि पायानं सज्जा ठोकतो.

ही जागा म्हणजे उरलेला चतकोर. आपण तिच्यावर उभं राहून कुजबुजतो, ओरडतो, प्रेमाची नावं भिंतीला सांगतो. पण ती आवाजासाठी काढलेली नाही. घुमटाची खोड अशी की तो पायथ्याशी बाहेर रेटतो. टोपलीवर हाताचा दाब द्या, तिची कड फाकते, तसं. युरोपात या रेट्याला आवरायला साखळदंड आवळले, बाहेरून टेकू दिले. इथे कमानींच्या छेदातून दगड-चुन्याचा एक प्रचंड भार खोलीच्या आत लोंबता ठेवला. घुमट बाहेर ढकलतो, हा भार आत ओढतो. दोघांचं भांडण भिंतीच्या डोक्यावर मिटतं. खाली दिवाणखान्यात एकही खांब नाही. अठरा हजार चौरस फुटांहून जास्त जागा आणि मध्ये काहीच नाही.

पुस्तकांत वाचलेलं असतं: चौकोन म्हणजे पृथ्वी, गोल म्हणजे आकाश, आणि घुमट म्हणजे एकातून दुसऱ्यात जाणं. खरंच आहे ते. तरी हे वाक्य मला जरा फुकटचं वाटतं. वर्तुळ कुणीही काढतं, चौकोन कुणीही काढतं. जायचं कसं ते कोपऱ्यात ठरतं, आणि कोपऱ्याबद्दल बोलायला गणित यावं लागतं, नाहीतर निदान मुकादमाशी ओळख असावी लागते.

तो तुम्हाला बाहेर गच्चीवर नेतो. घुमट जिथून उगवतो तिथे त्याच्याभोवती चुन्यात घडवलेल्या पाकळ्यांची रांग आहे, एकेक पाकळी माणसाहून मोठी. कमळ. दख्खनचा घुमट असा कमळातून उमलतो. मशिदीवर, रोज्यावर, कुठेही बघा, खाली पाकळ्या असतातच. इराणमधून आलेल्या उस्तादाला हे कुणी शिकवलं, असा प्रश्न विचारायची गरज नाही. पाकळ्या कोरणारे हात इथलेच होते. आणि या इमारतीशी परंपरा ज्याचं नाव जोडते तो याकूत तर दाबूलचा, म्हणजे आपल्या दाभोळचा. वाशिष्ठीच्या मुखावरचं ते आदिलशाही बंदर. इराणचे घोडे, अरबस्तानचे व्यापारी आणि हबशी तिथेच उतरायचे.

तेवढ्यात घाणी थांबते.

आधी खालची थांबते, मग तळमजल्यावरची छिन्नी, मग परांचीवरच्या थाप्या. शांतता मजल्यामजल्यानं वर चढत येते. कुणी काही ओरडून सांगत नाही. मुकादम फडकं डोक्यावरून काढतो आणि हातात धरतो. महंमद आदिलशहा गेला. एकोणतीस वर्षं राज्य केलं, त्यातली शेवटची अंथरुणावर. आणि हे घर बांधून जवळजवळ पुरं झालं तेव्हाच राहायला आला. गिलावा काही ठिकाणी अर्धा आहे. तो अर्धाच राहील.

त्याला कुठे ठेवतील ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी तुम्ही तिकीट काढून ते बघितलंय. मधल्या चौथऱ्यावर, लाकडी छताखाली, थडग्यांची रांग. सुलतान, बेगमा ताजजहाँ आणि अरूसबी, लाडकी रंभा, मुलगी, नातू. पण ती थडगी नुसती खूण आहेत. खरी माणसं त्यांच्या बरोबर खाली, तळघरात, मातीत आहेत. पश्चिमेच्या दाराखालून जिना उतरतो. डोळ्यांसाठी वर एक, मातीसाठी खाली एक. डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला, मक्केकडे. मेलेल्याचीही दिशा चुकू द्यायची नाही. एवढ्या अवाढव्य खोलीत माणूस नेमका कुठे आहे, हे मात्र वरून दिसत नाही.

दक्षिणेच्या दारावर पुढे तीन ओळी कोरल्या जातील. फारसी येणारा त्या वाचेल, आणि हिशेब येणारा त्या मोजेल. अबजद नावाच्या रीतीत प्रत्येक अक्षराला किंमत असते, अलिफला एक, बे ला दोन, असं करत हजारापर्यंत. तिन्ही ओळींची बेरीज वेगवेगळी केली तरी एकच येते: 1067, हिजरी सालातलं मृत्यूचं वर्ष. आपल्या जुन्या शिलालेखांत नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार असं शकाचं साल शब्दांत लपवलेलं असतं, त्याचीच ही लांबची बहीण. या मंडळींना तारीख नुसती लिहिणं कोरडं वाटत असावं.

मुकादम निघून जातो. तुम्ही परत सज्जात येता, कान भिंतीला लावता, आणि भिंत तुम्हाला मागे ओढते.

मधली वर्षं भराभर सरकतात. 1648: जिंजीजवळ पकडलेले शहाजीराजे कैदी म्हणून या शहरात आणले जातात. 1632: मुरार जगदेव परांड्याहून मलिक-ए-मैदान तोफ आणवतो, पंचावन्न टनांचं ते धूड, तोंडाशी हत्ती गिळणारं श्वापद. तिला ओढणाऱ्या बैलांना आणि माणसांना इतिहासात जागा नाही. थांबायचं आहे ते 1626 मध्ये.

दुपार कलती आहे. शहराच्या पश्चिमेला तटाबाहेर एका उंच जोत्यावर दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत, मध्ये हौद आणि कारंजं. एक मशीद, एक रोजा. कोरीवकाम इतकं की तुम्हाला क्षणभर हे लाकूड वाटतं. छज्जाच्या टोकाला दगडी साखळ्या लोंबताहेत. कड्यात कडं अडकवलेल्या, एकाच दगडातून सोडवलेल्या, वाऱ्यानं किंचित हलणाऱ्या. काम मलिक संदलचं. थडगं बेगम ताज सुलतानासाठी चाललंय, पण पुढच्याच वर्षी सुलतान इब्राहिम तिच्याआधी इथे येऊन झोपेल आणि जागेला त्याचंच नाव पडेल: इब्राहिम रोजा.

हा इब्राहिम दुसरा, जगद्गुरू म्हणवून घेणारा. किताब-ए-नवरस हा त्याचा गीतांचा ग्रंथ, त्यात सरस्वतीला आणि गणपतीला आळवणी. आपल्या तंबोऱ्याचं नाव त्यानं मोतीखान ठेवलेलं. मराठी याला चांगलं यायचं. मोगल दूत असद बेगनं त्याच्या मराठीची नोंद करून ठेवलीय. याच्याच आजोबांच्या पिढीत, पहिल्या इब्राहिमच्या काळात, आदिलशाहीच्या महसुलाचं दप्तर फारसीतून मराठीत आलं.

तुम्ही आत जाता. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, आणि मग खिडक्या दिसतात. जाळी आहे, पण जाळीत फुलं नाहीत, तारे नाहीत. अक्षरं आहेत. अरबी वाक्यं एकमेकांत गुंफून, पाथरवटानं अक्षर दगडाचं ठेवलंय आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा आरपार काढून टाकलीय. बाहेरचा सूर्य त्या मोकळ्या जागेतून आत येतो.

तुम्हाला अरबी येत नाही. फरशीवर पडलेल्या उजेडाकडे बघत राहता. मूर्ती नको, चित्र नको, असं ठरवल्यावर या परंपरेकडे तीनच गोष्टी उरल्या: भूमिती, वेली आणि अक्षर. त्यातल्या अक्षरावर सगळ्यात जास्त जीव टाकला गेला, कारण वचन हेच तिथे दर्शन. आपण देवाचं रूप डोळे भरून बघतो, हे लोक त्याचा शब्द डोळे भरून बघतात. पण मलिक संदलनं आणखी एक पाऊल टाकलं. त्यानं शब्द काळा ठेवला आणि उजेड शब्दांच्या मधल्या जागेला दिला. हे त्यानं काय मनात धरून केलं ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. कदाचित एवढंच, की जाळी टिकायची तर अक्षर जाड हवं.

मान वर करा. घुमट शोधाल तर सापडणार नाही. छत सपाट आहे. चाळीस फुटांची चौकोनी खोली, भिंतींवरून छत थोडं आत वळतं, आणि मधला चोवीस फुटांचा चौकोन दगडी फरशांचा, अगदी सपाट, खालून काहीही आधार नसलेला. दगडाला दगड चिकटून हवेत थांबलेला. त्याच्या वर एक रिकामी खोली आणि तिच्यावर तो घुमट, जो फक्त बाहेरच्यांसाठी आहे. मला विचाराल तर गोल घुमटापेक्षा मला रोजा जवळचा. गोल घुमट ओरडायला लावतो, आणि इथे माणूस आपोआप हळू बोलू लागतो. पण कोपऱ्याचा प्रश्न इथे सुटलेला नाही, टाळलेला आहे. त्यासाठी आणखी मागे जायला हवं.

साल 1578 च्या आसपास. जामा मशीद. अजून ती पुरी नाही. खरं तर ती कधीच पुरी होणार नाही. अली आदिलशहा पहिला ती बांधतोय आणि खजिन्यात पैसा आहे. तो कुठून आला ते दडवायचं कारण नाही. तेरा वर्षांपूर्वी, जानेवारी 1565 मध्ये, तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडलं, आणि त्यानंतर ते शहर महिनोन्‌महिने लुटलं गेलं. तुम्ही हंपीला गेला असाल. तिथल्या मोकळ्या चौथऱ्यांवर काय होतं याचं थोडं उत्तर इथल्या भिंतींच्या उंचीत आहे.

आत मात्र या शहरातली सगळ्यात साधी जागा आहे. पांढऱ्या गिलाव्याच्या कमानी, एकीमागे एक, नऊ रुंद आणि पाच खोल. पश्चिमेच्या भिंतीत एक कोनाडा, मेहराब. 1636 मध्ये तिच्यावर सोन्याचं आणि रंगाचं काम चढेल, फडताळात ठेवलेल्या पुस्तकांची आणि मनोऱ्यांची चित्रं येतील, आणि ते झाकायला पडदा लागेल. आज ती कोरी आहे. तुम्ही तिच्यासमोर उभे राहता आणि काय बघायचं ते कळत नाही, कारण आत काहीच नाही. देव नाही, ग्रंथ नाही, दिवासुद्धा नाही. फक्त दिशा.

मदिनेत पैगंबरांच्या घराच्या अंगणात नमाज सुरू झाला तेव्हा ना घुमट होता ना मिनार. खजुराच्या खोडांचे खांब आणि झावळ्यांचं छप्पर. आधी तोंड जेरुसलेमकडे असायचं, 624 मध्ये ते मक्केकडे वळलं. भिंतीत पोकळ कोनाडा आला तो आणखी ऐंशीएक वर्षांनी, खलीफा वलीदच्या काळात तीच मशीद नव्यानं बांधताना. त्याला व्यवहारातही अर्थ आहे. इमाम लोकांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून म्हणतो. त्याचा आवाज कोनाड्याच्या पोकळीवर आदळून मागच्या रांगांकडे परत येतो. गोल घुमटात पोरं जो खेळ करतात, त्याचं मूळ इतकं शहाणं आहे.

आणि हा शब्द तुम्हाला ओळखीचा आहे. मेहराब. मराठीत येता येता तिची महिरप झाली. वाड्याच्या दिवाणखान्यातल्या दोन खांबांमधली महिरप, देव्हाऱ्यावरची महिरप, गौरी-गणपतीच्या आराशीतली पुठ्ठ्याची, सोनेरी कागद लावलेली महिरप. सहावीच्या गणिताच्या वहीत बाईंनी फळ्यावर काढून दाखवलेला महिरपी कंस. इथे तिच्यात काही ठेवायचं नाही म्हणून ती कोरली, आणि आपण तिच्यात गणपती बसवला. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. कमान, बुरूज, मिनार, इमारत, मजला, दरवाजा, दिवाणखाना. विजापूरशी लढायला निघालेले मावळेसुद्धा गडाचं वर्णन याच शब्दांत करत होते.

मेहराबीसमोरच काम चाललंय. पंचेचाळीस खणांपैकी मधले नऊ एकत्र करायचेत. मधले चार खांब गाळून 75 फुटांचा मोकळा चौक ठेवलाय, त्याच्यावर 57 फुटांचा घुमट यायचाय. चौकोनावर गोल. तोच आजार. एक म्हातारा गवंडी फरशीवर उकिडवा बसलाय. पुढ्यात चुन्यानं सारवलेला तुकडा, त्यावर आठ खुंट्या गोलात ठोकलेल्या. शेजारी दोरी आणि ओळंबा. एक पोरगा, नातू असावा, त्याच्या खांद्यावरून बघतोय.

"आज्या, सरळ लाव की," पोरगा म्हणतो. "ह्या खुंटीवरनं त्या खुंटीवर."

"सरळ लावली तर नुसता अठकोन व्हतो," म्हातारा म्हणतो. "त्याचं पाय कुठं टेकवायचं? भिंतीला तर चारच बाजू." तुमची चाहूल लागते तसा तो वर बघतो. तुम्ही कोण, कुठले, असं काही विचारत नाही. हात मोकळा असलेला माणूस, एवढंच बघतो.

तो पहिल्या खुंटीला दोरी बांधतो, शेजारची सोडतो, तिसरीला वळसा घालतो. पुन्हा एक सोडतो. पाचवी. सातवी. दोरी पहिल्या खुंटीपाशी परत येते आणि फरशीवर एक तिरका चौकोन उभा राहतो. तुम्ही हे पाहिलंय. दारात, पहाटे, आईच्या चिमटीतून, ठिपके जोडताना. चार खुंट्या अजून मोकळ्या आहेत.

म्हातारा दुसरी दोरी उचलतो, तिचं टोक तोंडात ओलं करून पिळतो, आणि तुमच्यापुढे धरतो.